मोताळ्यात हरणसाहेबांचा सण

पुण्याहून वऱ्हाडात जायचं म्हटलं की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात: तिकडे ऊन फार आणि भाषा वाईट. सांगणाऱ्यांपैकी मनमाडच्या पुढे कोणी गेलेलं नसतं. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी तर डोळ्यांत पाणी आणून मला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला, आणि तिकडची माणसं जेवतात तरी काय ते परत आल्यावर सविस्तर सांग म्हणाल्या. हे लिहिणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

निमित्त असं झालं. मी मिशनच्या ज्या शाळेत शिकले, तिथे हार्लनबाई नावाच्या अमेरिकन बाई आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. पुढे त्या आणि त्यांचे यजमान बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याला गेले आणि तिथलेच झाले. यंदा दिवाळी उलटल्यावर त्यांचं बोलावणं आलं. त्यांच्या देशात सुगीचा एक सण असतो, त्याला थँक्सगिव्हिंग म्हणतात. तीनशे वर्षांमागे काही इंग्रज कुटुंबं जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन राहिली. पहिलं पीक हाती आलं तेव्हा त्यांनी मेजवानी केली, तिची ही आठवण. हार्लनसाहेबांनी त्यावर मराठी नाटक लिहिलं होतं आणि ते मराठी लोकांना कळेल असं करून द्यायला कोणीतरी हवं होतं. शिवाय खेळाला जिल्ह्याचे इंग्रज अधिकारी येणार होते. त्यांच्या कानाशी बसून सगळं इंग्रजीत सांगायलाही कोणीतरी हवं होतं. दोन्ही कामं माझ्याकडे आली.

इंग्रजांची गोष्ट, ती अमेरिकनाने लिहायची, वऱ्हाड्यांनी करून दाखवायची आणि पुणेकरणीने सुधारायची. यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं.

मलकापूरहून पुढे

मलकापूरला आगगाडीतून उतरलं की बुलढाण्याची मोटार मिळते. मोटार म्हणजे चाकं लावलेला गोठा. तिच्यात माणसं बसतात ती कापसाच्या बोज्यांमध्ये उरलेल्या जागेत. मला एका फाटलेल्या बोज्यावर बसवण्यात आलं आणि पुण्याच्या पाहुणीचा हा मोठाच मान आहे असं मला सांगण्यात आलं.

शेजारी एक म्हातारेबुवा होते. त्यांनी माझ्याकडे, माझ्या ट्रंकेकडे आणि माझ्या बुटांकडे नीट पाहून घेतलं.

"कुठं जाऊन राह्यल्या, बाई?"

"मोताळ्याला. हार्लनसाहेबांकडे."

"हरणसाहेबाकडं?" हार्लन हे नाव त्या मुलखात हरण झालं आहे, हे मला तिथे कळलं. "काऊन? बाटून राह्यल्या का?"

"नाही हो. भाषांतर करायला."

बुवांनी ट्रंकेकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हाव. तेबी तसंच काही असंल."

दोन्ही बाजूंना ज्वारी कापणीला आली होती आणि कापूस असा फुटला होता की शेतात धोब्यांनी मुक्काम केल्यासारखं वाटावं. समोर घाटाची निळी रेघ. सुंदर मुलूख आहे, पण मी तो पाहिला एका डोळ्याने, कारण दुसऱ्यात सरकी गेली होती. मोताळ्याला उतरले तेव्हा केसांत, भुवयांत, पदरावर सगळीकडे कापूस. हार्लनबाई न्यायला आल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं, मग दूर धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "मालती, किती म्हातारी दिसून राह्यली तू."

ज्या बाईंनी 'मला' आणि 'तुला' घोटून घेणाऱ्या आमच्या शाळेतही सर्वांत शुद्ध मराठी बोलून दाखवली होती, त्या बाई हमालाला म्हणत होत्या, "ट्रंक मले दे, तुले नाही उचलवनार." वऱ्हाडाने मिशनचं किती धर्मांतर केलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बंगला

गावाबाहेर नळगंगेच्या बाजूला मिशनचा बंगला, शाळा आणि विहीर आहे. त्यापलीकडे गावचं गायरान. हार्लनसाहेब पहिल्याच संध्याकाळी मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि त्यांनी त्या गायरानाकडे हात केला. तिथे त्यांना नमुन्याची शेती करायची होती. संत्र्याची बाग, भाज्यांचे वाफे, मुलांना शिकवायला आधुनिक नांगर. मनाने सज्जन माणूस. लोकांचं भलं करायला तो इतका उतावीळ होता की त्यांना विचारायला त्याला सवड झाली नव्हती.

"नाटक संपलं की मी जिल्ह्याच्या साहेबांपुढे जमिनीची विनंती करणार," ते म्हणाले. "गावकरी समोर असतील. त्यांची मनं भरून आलेली असतील."

मनं भरून येण्याची व्यवस्था नाटकात केलेली होती. शेवटच्या प्रवेशात त्या देशचा मूळचा राजा इंग्रजांच्या मेजवानीला येतो आणि म्हणतो, 'हे शुभ्र बांधवहो, ही आमची भूमी तुमचीच आहे.' हे वाक्य साहेबांनी स्वतः रचलं होतं आणि त्याला हात लावू नये अशी ताकीद मला होती.

बाकी नाटकाला हात लावायला भरपूर वाव होता. उदाहरणार्थ, इंग्रज किनाऱ्यावर उतरतात आणि 'दैवी कृपेने त्यांना भूमीच्या उदरात मका सापडतो.' मी हे बाईंना मागच्या पडवीत वाचून दाखवलं. तिथे गयाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गयाबाई नदीकाठच्या मळ्यातली. रोज सकाळी बंगल्यावर भाजी आणायची आणि मग दुपार टळेपर्यंत हलायची नाही. बंगल्यातलं पाणी ती पीत नसे, पण बंगल्यातलं तिला ठाऊक नाही असं काही नव्हतं.

"जमिनीतून मका कसा सापडंल?" ती म्हणाली. "कोनं पुरून ठेवला असंल तवाच नं."

"तसंच होतं," बाई म्हणाल्या. "तिथल्या लोकांनी टोपल्यांत भरून पुरला होता. बियाण्याला."

"मंग पेव फोडलं म्हना."

वऱ्हाडात ज्वारी जमिनीत पेवात साठवतात, आणि दुसऱ्याचं पेव फोडणाऱ्याबद्दल तिथे काय बोलतात ते आमच्या शाळेतल्या बाईंना मी सांगू शकणार नाही. बाई हसल्या. "हाव. पेवच फोडलं. पुढं भरून दिलं म्हणतात."

बाईंजवळ त्या लोकांविषयीची जाड जाड पुस्तकं होती आणि त्यांना साहेबांपेक्षा पुष्कळ जास्त माहीत होतं, म्हणूनच नाटक साहेबांनी लिहिलं असावं. मग रोज दुपारी असा परिपाठ पडला: गयाबाई निवडायची, बाई सांगायच्या, मी ऐकायची. आणि मी कबूल केलं पाहिजे, अशी करमणूक पैसे देऊन मिळत नाही. ज्या जातीच्या माणसांना स्टेशनात शिरताना पाहून आपले स्टेशनमास्तर टोपी सावरतात, तिचे हे पूर्वज. एका खोलीचं घर. चिरलेल्या फळ्यांच्या भिंती, फटींत चिखल, वर गवताचं छप्पर. धुराडंही लाकडाचं, त्यामुळे ते अधूनमधून पेटायचं आणि सोबत घरही. जेवायला काटे नव्हते, सगळे हातानेच खायचे. मोठी माणसं बसायची आणि मुलं उभी राहून जेवायची. पाण्याचा भरवसा नाही म्हणून लेकरंबाळंसुद्धा यवाची दारू प्यायची. अंघोळीची भीती वाटे. तिथल्या मूळ लोकांना म्हणे ते वासावरून आधी कळायचे.

"सारवत नव्हत्या का त्या बाया?" गयाबाईने विचारलं.

"कशानं सारवतील? गाय नव्हती. पहिली काही वर्षं एकही नव्हती."

"एकबी नाई?" गयाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. दारू आणि अंघोळ तिने ऐकून सोडून दिली होती. पण गाय नाही म्हटल्यावर तिला त्यांची पहिल्यांदा दया आली. "दही नाई, ताक नाई. मंग लेकरं कशी जगली?"

"जगलीच नाहीत सगळी," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. ती माणसं थंडीच्या तोंडावर उतरली. घरं उभी व्हायच्या आत आजार सुरू झाला. वसंत ऋतू येईपर्यंत निम्मी गेली. बायका सर्वांत जास्त गेल्या, कारण आजाऱ्यांच्या उशाशी त्या बसायच्या आणि आपल्या ताटातलं त्या वाढून द्यायच्या. आपण किती थोडे उरलो ते कोणाला कळू नये म्हणून त्यांनी थडगी सपाट केली आणि त्यावर पेरणी केली असं सांगतात. मक्याची पेरणी कशी करायची हे त्यांना त्याच मुलखातल्या एका माणसाने शिकवलं. एका गोऱ्या खलाशाने त्याला आधी पळवून विलायतेकडे विकायला नेलं होतं, म्हणून त्याला इंग्रजी येत होती. कसाबसा तो घरी परतला तेव्हा त्याचं अख्खं गाव रोगाने मेलं होतं. ह्या लोकांनी घरं बांधली होती ती त्याच्याच गावाच्या जागेवर.

गयाबाईने सोललेले दाणे सुपात पसरले.

"मंग त्या पिकाची भाकर गेली कशी त्यायच्या गळ्याखाली?"

बाई म्हणाल्या, "उपाशी होते गं."

"अन् सनाले सैपाक कोनं केला?"

"चार बाया उरल्या होत्या. आणि काही पोरी. जेवायला गावातले पुरुष, शिवाय राजा आपली माणसं घेऊन आला तो. तीन दिवस."

"चार बाया," गयाबाई म्हणाली. "अन् आभार कोनाचे मानले?"

"देवाचे."

गयाबाईने मान हलवली आणि सूप पाखडायला घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी तेव्हा मनात ठरवलं की नाटकात एका बाईला निदान चूल फुंकताना तरी दाखवायचं. साहेबांनी ती जागा खोडली. मेजवानी ही पवित्र घटना होती आणि धुराने तिचा परिणाम जातो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

काळं कापड

कपडे शिवायला करीमभाई होते. बाजारपेठेत त्यांचं दुकान. उंच, पिळदार मिशांचे, आणि गावच्या दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, वर्षानुवर्षं राजाचं सोंग करणारे. त्यामुळे मूळ लोकांच्या राजाचं काम त्यांच्याकडेच आलं. बाकी सगळे गोरे, म्हणजे मिशनच्या शाळेतली मोठी मुलं आणि त्यांचा पुढारी म्हणून शाळेचे सॅम्युअल मास्तर. मास्तर अतिशय भित्रे. साहेबांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य ते असं म्हणायचे की त्यांना शिक्षा सांगितली आहे.

इंग्रजांसाठी साहेबांनी काळ्या कापडाचा तागा मागवला. बाईंनी सांगून पाहिलं की ते लोक काळं रोज घालत नसत. लाल, निळं, हिरवं, जांभळं, सगळं घालायचे. साहेबांनी भिंतीवरच्या, त्या मेजवानीच्या चित्राकडे बोट दाखवलं. चित्रात काळं होतं. चित्रकार त्या लोकांनंतर शेदोनशे वर्षांनी जन्मला होता, पण साहेबांपेक्षा आधी, त्यामुळे त्याचा अधिकार मोठा होता.

"साहेब," करीमभाई अदबीने म्हणाले, "एवढ्या काळ्यात पोट्टे बुजगावन्यावानी दिसून राह्यले. पाखरं बी येनार नाईत."

"ते साधे, धार्मिक लोक होते," साहेब म्हणाले.

"हाव जी. मी राजा आहो नं? मले पागोटं लागते. लाल."

पागोटं मिळालं. त्यात मोराची पिसं खोवायचं ठरलं. जेवणासाठीही साहेबांना त्यांच्याकडच्या पद्धतीचा मोठा पक्षी हवा होता, आणि इथे मोरच एवढा मोठा असतो असं ते गयाबाईपाशी सहज बोलले. गयाबाई त्या दिवशी भाजी तिथेच ठेवून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः मळ्यात जाऊन तिला घेऊन आल्या. मेजवानीला करीमभाईंच्या घरचे कोंबडे आणि गावाकडून रोडगे, असा तह झाला. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला. तो फोडून त्यावर तूप आणि सोबत वांग्याची भाजी. सगळा गाव एकत्र जेवायचा असला की वऱ्हाडात हेच करतात. आमच्या पुण्यात सगळा गाव एकत्र जेवत नाही, त्यामुळे असा पदार्थ निघाला नसावा.

तालमीत राजाच्या शेवटच्या वाक्याशी करीमभाई रोज अडायचे.

"मास्तरीनबाई, हे सांगा," ते मला म्हणाले, "कोन्ता राजा आपली जमीन अशी जेवता जेवता देऊन राह्यला?"

"साहेबांनी तसं लिहिलंय."

"लिवलं असंल. पन माह्या तोंडात बसत नाई ते."

मी त्यांना म्हटलं, पाठ करा, बसेल. इतका मोलाचा सल्ला मी आमच्या शाळेतही रोज देते.

सण

दुपार कलायच्या सुमाराला मंडपात माणूस मावेना. मोताळ्याचे व्यापारी, आसपासचे शेतकरी, मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका चिकाच्या पडद्याआड, पुढे पाटील आणि गावचे चार वडीलधारे, आणि सर्वांपुढे दोन खुर्च्या. एकीत जिल्ह्याचे साहेब, घाट उतरून मोटारीने आलेले, लांब पायांचे, शांत गृहस्थ. दुसरीत हार्लनबाई. दोघांच्या मध्ये स्टुलावर मी.

मागे विस्तवाभोवती गयाबाई आणि तिच्या बरोबरच्या बायका रोडगे भाजत होत्या. धूर सरळ मंडपात येत होता. हार्लनसाहेबांनी खोडलेला प्रवेश असा आपोआप दाखल झाला.

नाटक सुरू झालं. काळ्या कपड्यांतली मुलं जहाजातून उतरली, गुडघे टेकून बसली, मक्याची कणसं त्यांना दैवी कृपेने सापडली. मागून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "पेव फोडलं पाहा." मी जिल्ह्याच्या साहेबांना सांगितलं की प्रेक्षक भारावले आहेत. ते म्हणाले, "हो का." थंडी आली, निम्मी मुलं मेली आणि प्रेक्षकांत एकदोघी बायका खरोखर रडल्या. ते पाहून मेलेल्यांपैकी एक उठून बसला, त्याला मास्तरांनी परत मारलं. पीक आलं. मेजवानी मांडली गेली आणि खरे, वाफाळलेले रोडगे रंगमंचावर आले.

मग लाल पागोट्यात पिसं खोवून करीमभाई आले. त्यांनी घाई केली नाही. गोऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. ऐसपैस मांडी घातली. रोडगा फोडला, त्यावर तूप ओतून घेतलं, वांग्याची भाजी घेतली आणि जेवायला सुरुवात केली. खरंच जेवले. मंडप गप्प बसून राजाचं जेवण पाहत होता. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. हार्लनसाहेब बाजूला उभे राहून ओठांनी ते वाक्य पुटपुटत होते, 'हे शुभ्र बांधवहो.'

करीमभाईंनी मिशा पुसल्या.

"पाव्हणे," ते म्हणाले, "जेवलो. बेस झालं. आता हे सांगा, तुमी कवा जाता?"

मागून हसू सुरू झालं आणि पुढे येत येत पाटलांपर्यंत पोचलं. वऱ्हाड हा मुलूख मुळात निजामाचा. इंग्रजांनी तो त्याच्याकडून कायमच्या पट्ट्याने घेतला आणि कारभार नागपूरला जोडून टाकला. त्यामुळे पाहुणे केव्हा जाणार, हा प्रश्न तिथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सॅम्युअल मास्तरांना नाटकात आता वाक्य नव्हतं. ते गोऱ्यासारखे पांढरे पडले, म्हणजे त्या दिवसातला त्यांचा सर्वांत चांगला अभिनय तोच. मग जन्मात पहिल्यांदा ते स्वतःच्या मनाने बोलले. "पीक... पीक निघालं की."

"हाव," करीमभाई म्हणाले. "पन कोन्त्या सालचं?"

मंडप कोसळतो की काय असं झालं. जिल्ह्याचे साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणाला तो?"

माझ्या डोळ्यांसमोर करीमभाईंचं दुकान आलं, त्याला लागलेलं कुलूप आलं, आणि त्या पिसांसकट त्यांना घेऊन जाणारे शिपाई आले. मी म्हटलं, "इथे पीक किती दिवसांत येतं ते विचारतोय."

"नाही," पलीकडून हार्लनबाई इंग्रजीत म्हणाल्या. "तो विचारतोय, तुम्ही जाणार कधी."

साहेबांनी हातातला कप बशीत ठेवला. "आणि ते काय म्हणाले?"

"पीक निघाल्यावर."

"आणि त्यावर हा?"

"कोणत्या वर्षीचं, असं."

साहेबांनी करीमभाईंना बोलावून घेतलं. हसणं ओसरलं. करीमभाई पागोटं न काढता समोर येऊन उभे राहिले. ते वाक्य त्यांना कोणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं. ह्या वेळी मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

"कोनं नाई शिकवलं, हुजूर. जेवता जेवता सुचलं. नाटकात नव्हतं ते. माहीच चूक."

साहेबांनी त्यांच्या पागोट्यातल्या पिसांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "त्याला सांगा, प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं काम माझ्या हुद्द्याचं नाही." आणि नंतर, "ते भाजलेलं काय होतं ते मलाही द्या."

रोडगा आला. साहेबांनी तो हाताने फोडला, आपल्या पूर्वजांसारखा, आणि बोटं भाजून घेतली.

हार्लनसाहेब ठरल्याप्रमाणे बोलायला उभे राहिले. त्यांनी समोरच्या लोकांकडे पाहिलं. लोक अजून कोणत्या सालचं, कोणत्या सालचं असं एकमेकांना सांगत होते. त्यांनी पावसाबद्दल देवाचे आभार मानले, मुलांचे मानले, आणि गायरानाचा शब्द न काढता खाली बसले. जाताना जिल्ह्याच्या साहेबांनीच तो काढला. नमुन्याच्या शेतीचं कानावर आलंय म्हणाले, गावाचं काय म्हणणं आहे? पाटील उठून म्हणाले, "गुरं कुठं चारावं, साहेब?" साहेबांनी मान डोलावली, आणि मोटार घाटाकडे निघून गेली.

मग पंगती बसल्या. आधी पुरुष, मग मुलं, आणि सर्वांच्या शेवटी, विस्तव निवत आल्यावर, भाजणाऱ्या बायका. हार्लनबाई त्यांच्या पंगतीजवळ जाऊन वाढायला लागल्या. बंगल्यातल्या हाताचं गयाबाई घेईल की नाही याची मला शंका होती. तिने ताट पुढे केलं. म्हणाली, "आज आमच्याच चुलीचं हाय, चालते."

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लनसाहेब न्याहारीला बोलले नाहीत. ते वर्तमानपत्र वाचत होते आणि ते उलटं नव्हतं, एवढंच मी त्यांच्या बाजूने सांगू शकते. माझ्याशी त्यांनी हात मिळवला, बाईंकडे पाहिलं नाही.

मोटारीच्या थांब्यापर्यंत बाई सोबत आल्या आणि गयाबाईही, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. वाटेत करीमभाईंचं दुकान उघडं होतं. काळ्या कापडातून उरलेल्या तुकड्यांच्या ते छत्र्यांसाठी पिशव्या शिवत होते. त्यांनी मशीन न थांबवता सलाम केला.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, मी सांभाळून घेतलं होतं. तुम्ही का सांगितलंत? आपल्या साहेबांना मिळायची जमीन गेली."

बाई थोडं चालून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी इथं आहे, मालती. हे लोक मला भाजी देतात, पोरं शाळेत धाडतात, आजारपणात बोलावतात. हा एक प्रश्न मात्र कोणी कधी विचारला नव्हता. काल विचारला. आणि तू तो पुसून राह्यली होतीस."

"मग तुमचं उत्तर काय?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "परत जायला तिकडे माझं आता कोणी नाही. आणि इथं राहायला मला कोणी सांगितलेलं नाही."

गयाबाईने ट्रंक खाली ठेवली. थांबा आला होता. तिने चुंबळ झटकली, पदराने मान पुसली आणि बाईंकडे वळली.

"मंग मी सांगून राह्यली नं," ती म्हणाली. "तुमी राहा, बाई. गायरान तेवढं मांगू नका."

बाईंनी खाली वाकून ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी गयाबाईने धरली आणि दोघींनी मिळून ती मोटारीत चढवली.